वसरामचं नाव

संगिता चव्हाण चुकीच्या भावाच्या नावानं रडू लागली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते.

कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचं हे लग्न. अक्षता पडून गेल्या होत्या, जेवणं उरकली होती आणि नवरदेवाकडच्यांनी गाडी सुरू करून ठेवली होती. बंजाऱ्यांच्या लग्नात सासरी निघताना नवरी एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडते आणि रडत गाते. या गाण्याला ढावलो म्हणतात. तो लिहिलेला नसतो. म्हाताऱ्या बाया नवरीला आठ-पंधरा दिवस आधीपासून शिकवतात: सूर कुठं चढवायचा, श्वास कुठं तोडायचा, आईला काय म्हणायचं, भावाला काय म्हणायचं. ज्याच्या गळ्यात पडायचं त्याचं नाव घ्यायचं, हा त्यातला पहिला नियम.

संगिता नांदेडला नर्सिंगला होती. लग्नाच्या पाच दिवस आधी घरी आली. शिकवायला आई नव्हती, आणि चुलत्या मांडवाच्या कामात. तिनं मोबाईलवर ‘ढावलो’ असा शोध घेतला, सगळ्यात वर जे गाणं आलं ते कानात घालून पाच दिवसांत तोंडपाठ केलं. वसतिगृहात राहून तिची गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली पातळ झाली होती. शब्द तिला निम्मे कळले. गाण्यात ‘वसराम वीरा’ असं सतरा वेळा येतं. वीरा म्हणजे भाऊ, एवढं तिला माहीत होतं. वसराम हा गाण्यातला एखादा लाडाचा शब्द असावा, असं तिला वाटलं.

ती प्रेमदासच्या, म्हणजे सख्ख्या भावाच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला: वसराम वीरा, कडी काढ.

आधी पोरं हसली. मग बाया गप्प झाल्या, कारण पुढचे शब्द त्यांना कळत होते. हे निघतानाचं गाणं नव्हतं. सासर सोडून परत आलेल्या बाईचं गाणं होतं. नवरदेवाकडचा एक जाणता पुढं झाला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “गाडी बंद कर.” पोरगी परत यायचं गाणं म्हणत निघाली, तर ती नांदणार कशी, असा त्याचा सवाल होता. वऱ्हाड दोन तास तिथंच थांबलं. शेवटी एका आजीनं कानाशी बसून ओळ ओळ सांगितली, आणि संगितानं प्रेमदासचं नाव घेऊन नव्यानं ढावलो म्हटला. तोवर पहिला ढावलो कुणीतरी मोबाईलमध्ये धरला होता. दोन दिवसांत तो औंढ्यापासून पुसदपर्यंत फिरला.

ही एप्रिल २०२३ मधली गोष्ट. ज्या बाईचं ते गाणं होतं ती त्या वेळी वसमतमध्ये एका हळदीच्या अंगणात हळकुंडांचे गोल गड्डे आणि लांब बोटं वेगळी करत बसली होती.

तिचं नाव रूपा आडे. वय सदतीस. शिरड शहापूरजवळचा पेमानायक तांडा हे तिचं माहेर. अठराव्या वर्षी, २००४ मध्ये, तिचं लग्न पुसदकडच्या एका तांड्यात झालं. तिचा ढावलो झमकूबाई नावाच्या म्हातारीनं बसवून घेतला होता. झमकूबाईच्या मते त्या दशकातला तो सगळ्यात चांगला ढावलो होता. “हिनं बैल रडवले,” असं ती सांगायची. चार वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि रूपाला पाणी भरायला ठेवलं. मार्च २००८ मध्ये ती एक पिशवी घेऊन निघाली. पुसद ते हिंगोली, हिंगोली ते औंढा, औंढा ते शिरड शहापूर, अशा तीन एसट्या बदलल्या आणि पुढं चार किलोमीटर चालली. घरी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दार आतून बंद होतं. आत माणसांचा आवाज होता. तिनं हाक मारली, आवाज थांबला. दार उघडलं नाही. अंधार पडायच्या आत आई मागच्या बाजूनं भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, “झमकूकडं जा.” ती झमकूबाईकडं आठ दिवस राहिली आणि मग वसमतला गेली.

वसमतला काम हळदीचं मिळालं. हळद शिजवून वाळवली की ती लोखंडी ढोलात घालून फिरवतात, साल निघून चकाकी येईपर्यंत. ढोल फिरताना आतली हळद एका ठेक्यात आपटते. रूपा त्या ठेक्यावर गायची. आधी होळीतल्या लेंगी, मग स्वतःची गाणी. सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी झालं आणि माहेरच्यावर चढलंच नाही, त्याचं एक. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कंडक्टर ‘कुठं?’ विचारतो आणि तिला गाव सांगता येत नाही, त्याचं एक.

ढोलाच्या अंगणाला लागून पाटबंधारे उपविभागाचं कार्यालय होतं. तिथं सूर्यकांत कुलकर्णी कारकून होते. औंढ्याच्या देवळात वर्षातून काही दिवस त्यांच्या घराकडं सेवेची पाळी असे. उरलेलं वर्ष ते फायली लावत आणि संध्याकाळी गिटार वाजवत. ती नांदेडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेली होती. पोटाला तडा होता आणि तड्यावर काळी चिकटपट्टी. २०१२ च्या फेब्रुवारीत ते जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरून वाकून म्हणाले, “बाई, ते मघाचं पुन्हा म्हणता का?”

“काहून? तकलीफ झाली का सायबाला?”

“साहेब नाही, कारकून आहे. वरची ओळ कुठल्या सुरात जाते ते कळलं नाही.”

“मलाबी न्हाई कळलं. ढोल घेऊन गेला तिकडं गेले.”

तेव्हापासून ती त्यांना ‘कारकून’ म्हणते आणि ते तिला ‘रूपाबाई’. गाणी तिची. लिहून ठेवायचं काम त्यांचं, कारण तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर तिलाच वाचता येत नाही. गिटार त्यांची, थाळी तिची. काशाची थाळी उलटी धरून ती नखानं आणि मुठीनं वाजवते. २०१४ मध्ये बसस्थानकाजवळच्या एका मोबाईलवाल्यानं तिची अकरा गाणी मेमरी कार्डात भरून विकली. तिला न विचारता. ती दुकानात गेली आणि म्हणाली, “भरली ते बराबर केलं. पण तिसऱ्या गान्याच्या मागं तू जे धडाड धडाड घातलं, ते काढ.” त्यानं काढलं नाही. तिनं त्याच दुकानासमोर फुटपाथवर बसून तिसरं गाणं साधं म्हणून दाखवलं, तीन बाजारांचे दिवस. चौथ्या बाजाराला त्यानं काढलं.

हिंगोलीच्या एका सांस्कृतिक कार्यक्रमात आयोजकांनी तिला आरशाची कांचळी आणि फेटिया, म्हणजे बंजारा चोळी-घागरा घालून यायला सांगितलं होतं. ती हळद लागलेल्या साडीत गेली. “पोशाख?” त्यांनी विचारलं. “हा काय, अंगात हाये ना,” ती म्हणाली. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं नाही. एका होळीत डीजेवाल्यानं तिच्या लेंगीखाली ठोका घातला, तेव्हा ती मधेच थांबली आणि ठोका एकटाच वाजत राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती थाळी काखेत मारून खाली उतरली. अशानं कार्यक्रम कमी होत गेले आणि जे उरले त्यांना येणारे लोक ऐकायला येऊ लागले.

‘वसराम वीरा’ हे गाणं तिनं २०१९ मध्ये केलं. निघणाऱ्या बाईला ढावलो आहे, परत येणाऱ्या बाईला काहीच नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिनं चाल ढावल्याचीच ठेवली आणि शब्द उलटे केले. मराठीत सांगायचं तर असे:

वसराम वीरा, कडी काढ.
मी पाहुणी नाही, वाट विचारायला आले नाही.
या उंबऱ्याला माती मीच लावली, माझी बोटं बघ.
कडी काढ, नाहीतर आतूनच सांग,
मी कोण ते सांग.

सूर्यकांतरावांनी ते ढोलाच्या अंगणात मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलं आणि ‘ढावलो’ एवढंच नाव देऊन नेटवर टाकलं. चार वर्षांत ते फार थोड्यांनी ऐकलं. कुरुंद्याच्या लग्नानंतर आठवडाभरात दोन लाख लोकांनी ऐकलं, आणि वसराम आडे कोण हे जिल्ह्यातल्या प्रत्येक तांड्याला कळलं.

वसराम सोमवारी आला. वय बेचाळीस, ग्रामपंचायत सदस्य, पांढरा शर्ट. रूपाची वसमतमधली खोली त्यानं पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

“च्या घेतो का?” ती म्हणाली.

“च्या प्यायला आलो न्हाई.”

“मग बस तरी.”

“बसायलाबी आलो न्हाई.”

“मग दारात हुबा ऱ्हा. उघडंच हाये.”

तो आत आला आणि डब्यावर बसला. “माझ्या पोरीची सोयरीक चालू हाये,” तो म्हणाला. “पाव्हन्यानं मोबाईल काढून मला ऐकवलं. म्हनला, ह्यातले वसराम तुमीच का?”

“तू काय म्हनला?”

“काय म्हननार? पानी पिऊन उठलो.”

“म्हंजे व्हय म्हनला न्हाई. आन् न्हाईबी म्हनला न्हाई.”

“रूपा, पंधरा वर्सं झाली. माय गेली तवा मी तुला निरोप धाडला होता.”

“मयतीचा निरोप शेजाऱ्यालाबी जातो.”

त्यानं भिंतीवरच्या थाळीकडं बोट केलं. “गानं ऱ्हाऊ दे तुझं. मी गान्याला न्हाई म्हनत न्हाई. नाव काढ फक्त. दुसरं काहीबी घाल. रामकिशन घाल.”

“रामकिशननं माझं दार लावलं न्हाई.”

“तू माझ्या लेकराच्या मुळावर येऊन राहिलीस.”

“मी एका जागी बसले हाये, वसराम. हळद निवडून राहिले. तूच आलास.”

तो उठला. जाताना म्हणाला की नायकानं नसाब बोलावला आहे, येत्या रविवारी. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, नसाब म्हणजे तांड्याची बैठक. लग्न अडलं म्हणून नवरदेवाच्या तांड्यानं तक्रार धाडली होती, आणि गाणाऱ्या बाईचा तांडा तो जबाबदार, असा त्यांचा हिशेब होता.

मधल्या गुरुवारी पुण्याहून अपूर्व देशमुख नावाचा माणूस आला. एका गाण्यांच्या कंपनीचं काम बघायचा. सूर्यकांतरावांच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंख्याखाली बसून त्यानं ते गाणं तीनदा ऐकलं आणि खरोखर भारावून गेला. स्टुडिओ, वादक, चित्रीकरण, सगळं कंपनी करणार होती.

“तुमचं हे म्हणजे आपल्याकडचं ऑल्ट-कंट्री आहे, ताई,” तो म्हणाला.

“ते काय असतंय?”

“अमेरिकेत शेतातली, रस्त्यावरची, ट्रकवाल्यांची गाणी असायची. त्यांना कंट्री म्हणतात. पुढे कंपन्यांनी ती फार चकचकीत केली. मग काही लोक म्हणाले, आम्ही ती पुन्हा साधी, खरखरीत म्हणणार. स्वतः लिहिणार, स्वतः गाणार. त्याला ऑल्ट-कंट्री म्हणतात.”

“असं का. आन् आमच्या गान्यात तुमाला काय पायजे?”

“दोनच बदल. नाव काढू. नुसतं ‘वीरा’ ठेवू, म्हणजे कुठल्याही मुलीला म्हणता येईल. आणि शेवटच्या ओळी जरा निघतानाच्या करू. लग्नात वाजेल. आता सगळ्यांना ते लग्नातलंच गाणं म्हणून माहीत झालंय. खाली हलका ठेका देऊ.”

“म्हंजे ते लोक चकचकीत करू द्यायचं न्हाई म्हनले, म्हनून त्यास्नी नाव मिळालं. आन् तेच नाव घेऊन तुमी चकचकीत करायला आलाव.”

अपूर्व हसला. त्याला राग आला नाही. विचार करून कळवा म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर सूर्यकांतराव गिटारची तार उगाच पिळत बसले. अकरा वर्षं ते तडा गेलेली गिटार वाजवत होते. स्टुडिओ त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. “एक नाव तर आहे, रूपाबाई,” ते म्हणाले.

“तुमच्या हापिसातल्या कागदावरचं एक नाव खोडून दाखवा बरं.”

“तसं खोडता येत नाही. बाजूला कारण लिहावं लागतं. खाली सही.”

“काय कारन लिवतेत?”

“चुकीनं पडलं होतं, असं. बहुतेक वेळा तेच.”

“आन् चुकीनं पडलं नसलं तर?”

“तर राहतं,” सूर्यकांतराव म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी गिटार भिंतीला टेकवली. “मी रविवारी येऊ का सोबत?”

“या. पर मधी बोलू नका. तुमची मराठी लई शुद्ध हाये.”

रविवारी सकाळी दहाला पेमानायक तांड्यावर देवळासमोर सतरंजी पडली. देवळावर पांढरा झेंडा. त्या झेंड्याखाली उभं राहून माणूस जे बोलतो ते खरं धरायचं, आणि ज्याला खरं बोलायचं नसेल त्यानं खाली उभं राहू नये, असा तांड्याचा जुना रिवाज. नायक देवला आडे, सत्तरीचे, मधोमध बसले. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीकडेनं. सूर्यकांतरावांना कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. ते खुर्चीवर बसले नाहीत, सतरंजीच्या कडेला बसले.

नवरदेवाच्या तांड्याकडून दोघं आले होते. त्यांनी तक्रार मांडली. मग नायकांनी प्रेमदासला विचारलं, तुझं काय म्हणणं.

प्रेमदास उभा राहिला. “माझी तक्रार न्हाई. बहीण सुखात हाये, कालच फोन झाला. फक्त आता दोस्त मला वसराम म्हनून हाका मारतेत.”

सतरंजी हसली. वसराम हसला नाही. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं मोजकं सांगितलं: गाण्यात माझं नाव आहे, त्यानं माझी बदनामी होते, माझ्या पोरीची सोयरीक अडली आहे, नाव काढावं आणि नेटवरचं गाणं पुसावं.

“रूपा, तुझ्या भावानं रास्त मागितलंय,” नायक म्हणाले. “नाव काढ. आमी दोन्ही तांड्यांची समजूत घालतो. मिटलं.”

नसाबात बायांनी बोलायचं तर बसूनच बोलायचं. रूपा उभी राहिली.

“काढते,” ती म्हणाली.

भिंतीकडच्या बायांनी माना वळवल्या. सूर्यकांतरावांनी खाली बघितलं.

“काढते. नायकानं सांगितलं तर काढलंच पायजे. पर नाव खोडायचं तर कारन लागतं. वसरामनं झेंड्याखाली हुबं ऱ्हावं आन् सांगावं, नाव चुकीनं पडलं. त्या दिशी दार लावलं नव्हतं. नायतर दार लावलं होतं, पर मला ठावं नव्हतं भाईर कोन हाये. दोन्हीतलं काहीबी सांगावं. मी आत्ता, हितंच, गानं पुसते. मोबाईल कारकुनाच्या खिशात हाये.”

“ही काय रीत झाली?” वसराम म्हणाला.

“तुझीच रीत. नाव तुझं, तूच सांग.”

नायक वसरामकडं बघत राहिले. सगळेच बघत राहिले. वसराम हट्टी होता, तापट होता, दोन निवडणुका त्यानं आवाजावर काढल्या होत्या. पण त्यानं झेंड्याखाली खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तो उठला. पाच-सहा पावलं चालून झेंड्याखाली गेला. चपला काढल्या. तोंड सतरंजीकडं केलं, रूपाकडं नाही.

“लावलं होतं,” तो म्हणाला. “आतून कडी घातली होती. मीच घातली. आवाज वळखला होता.”

“काहून?” नायकांनी विचारलं.

“आत पाव्हने बसले होते. माझीच सोयरीक होती, दुसरी. पैली बायको तीन-चार वर्साची पोरगी मागं ठेवून गेली होती. घरात परत आलेली बहीण दिसली असती तर पोरगी दिली नसती कुनी.”

मग भिंतीकडून झमकूबाईचा आवाज आला. ती नव्वदीला टेकली होती, दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. “मग नाव बराबर हाये की रे,” ती म्हणाली. “कशाला गोळा केले एवढे लोक?”

“पर माझ्या पोरीच्या लग्नात ते गानं कुनी म्हनायचं न्हाई,” वसराम म्हणाला. “एवढं तरी तांड्यानं मला द्यावं.”

“तुझ्या पोरीनं परत यावं असं मलाबी वाटत न्हाई,” रूपा म्हणाली. “पर आली तर दार कोनच्या बाजूनं उघडतं ते आत्ताच बघून ठेव.”

वसराम एक पाऊल पुढं आला. प्रेमदासनं त्याचा दंड धरला. त्यानं झटकला नाही.

नायकांनी दोन-चार जाणत्यांशी बोलून निकाल दिला. नाव खरं आहे, म्हणून राहील. गाणं पुसायला तांडा सांगणार नाही. पण एका पोरीचं लग्न दोन तास अडलं, तेही खरं आहे. म्हणून एक वर्ष रूपाला कुठल्या लग्नात, बारशात, होळीत बोलवायचं नाही, आणि आसपासच्या तांड्यांना तसा निरोप जाईल.

“कबूल हाये का?” नायकांनी विचारलं.

“नायक, मी परत आले त्या दिवसापून मला एकाबी नवरीच्या अंगाला हात लावू दिला न्हाई. मांडवात बोलावलं न्हाई. गायला बोलावलं, ते बी मांडवाच्या भाईरून. ज्या घरातून मला बोलावणंच न्हाई तिथून तुमी मला वरीसभर बंद करताव. करा. होळीचं तेवढं वाईट वाटतंय, तिथं मी जात होते.”

“म्हंजे कबूल?”

“कबूल न्हाई. ऐकलं.”

नायकांनी ते तसंच पुढं जाऊ दिलं. सतरंजी उचलली गेली. नवरदेवाकडचे दोघं चहा न घेता निघाले. वसराम चपला हातात घेऊन घराकडं गेला. रूपा झमकूबाईला हात धरून तिच्या ओट्यापर्यंत पोचवायला गेली. म्हातारी चालता चालता म्हणाली, “त्या ढावल्यात तिसऱ्या ठिकानी तू श्वास लवकर तोडतीस. मी असं शिकवलं न्हाई.”

“बराबर हाये. बघते.”

त्याच आठवड्यात सूर्यकांतरावांनी अपूर्वला फोन लावला. रूपानं सांगितलं नव्हतं. “नाव राहणार,” ते म्हणाले. “गाणं परतीचंच राहणार. ठेका नको.” अपूर्व म्हणाला की मग कंपनीला जमणार नाही, पण मला स्वतःला ते असंच आवडतं. सूर्यकांतराव म्हणाले, “आवडतं ना? मग ऐका.” आणि फोन ठेवला. ठेवल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. बायकोनं, सुधाताईंनी विचारलं, काय झालं. “स्टुडिओ गेला,” ते म्हणाले. “आपल्याकडं आधी कुठं होता?” सुधाताई म्हणाल्या.

बंदीचा निरोप सगळ्या तांड्यांवर गेला. मे महिन्यातले ठरलेले दोन कार्यक्रम रद्द झाले. वसरामच्या मुलीची सोयरीक त्याच पाहुण्यांशी पक्की झाली. पाहुण्यांनी म्हणे सांगितलं की झेंड्याखाली खरं बोलणाऱ्याची पोरगी आम्हाला चालते. रूपाला आमंत्रण आलं नाही. तिनं वाटही पाहिली नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी तिनं ते गाणं पुन्हा मुद्रित करायचं ठरवलं. जुन्यात ढोलाचा आवाज होता आणि झमकूबाईनं दाखवलेली चूक होती. सूर्यकांतरावांच्या क्वार्टरमध्ये खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, सुधाताईंनी फ्रिजची पिन काढली. मोबाईल स्टुलावर ठेवला. रूपानं थाळी मांडीवर घेतली, पण वाजवायच्या आधी ती बोलली. हे ठरलेलं नव्हतं.

“मी रूपा आडे, पेमानायक तांडा. हा ढावलो निघताना म्हनायचा न्हाई. लग्नात म्हनू नका, लग्नातला तुमाला घरातली म्हातारी शिकवील, तिच्याकडं जाऊन बसा. कुनी परत आलं असंल तर हा घ्या. चाल माझी घ्या. नाव तुमचं तुमी घाला. ज्यानं दार लावलं त्याचंच घाला. माझ्या भावाचं नाव वसराम हाये.”

मग तिनं गायला सुरुवात केली. तिसऱ्या ठिकाणी श्वास लवकर तोडला नाही. सूर्यकांतरावांनी चारच सूर वाजवले, तेच चार, शेवटपर्यंत. थाळी शेवटच्या ओळीला थांबली आणि नुसता आवाज राहिला.

संपल्यावर कुणी पंखा लावला नाही. घामानं सगळे भिजले होते. सूर्यकांतरावांनी मोबाईल उचलून सुरुवातीपासून ऐकलं, डोळे मिटून, पूर्ण.

“चांगलं आलंय,” ते म्हणाले. “फक्त शेवटचा ‘वसराम’ जरा मोठ्यानं आलाय. बाकीच्यावर चढतोय. पुन्हा घ्यायचं का?”

“न्हाई,” रूपा म्हणाली.